बहमन थंडीत येतो

वर्षाचे आठवडे किती? बावन्न. पत्त्यांच्या कॅटात पानं किती? बावन्न. वर्षाच्या तिमाही चार, पत्त्यांचे रंगही चार. एका तिमाहीत तेरा आठवडे, एका रंगात तेरा पानं. आता बावन्न आठवड्यांचे दिवस मोजा. तीनशे चौसष्ट होतात, आणि वर्षाचा एक दिवस उरतो. त्याच्यासाठी जोकर.

मीरा, निखिल, हे मी पहिल्यांदा ऐकलं त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण अजून लिहिताना हात भराभर चालतोय. मागच्या महिन्यात मीराने फोनवर विचारलं, "आजी, तू जॉब काय करायचीस?" मी म्हटलं, "पत्ते वाचायचे." मग तिने तिकडे आईला दबक्या आवाजात विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं: "आजी जुगार खेळायची का?" म्हणून यंदा दिवाळी अंकाने आठवणी मागितल्या तेव्हा ठरवलं की लिहायचं ते तुम्हा दोघांसाठी. बाकीच्यांनी खुशाल शेजारी बसून वाचावं.

मी नगरची. तिथल्या मिशनच्या शाळेत इंग्रजी सातवीपर्यंत शिकले. नगर इंग्रजांच्या मुलखात होतं आणि जालना निजामाच्या राज्यात. लग्न होऊन जालन्याला आले तेव्हा परराज्यात आल्यासारखंच वाटलं. कचेरीत उर्दू, बाजारात अर्धी हिंदी, नाणी वेगळी, महिन्यांची नावंसुद्धा वेगळी. तुमचे आजोबा स्टेशनजवळच्या एका जिनिंग कारखान्यात कारकून होते. सरकीपासून कापूस वेगळा करायचा आणि गाठी बांधायच्या, असा तो कारखाना.

स्टेशनच्या क्वार्टरमध्ये एका गार्डाची गोरी-सावळी, अँग्लो-इंडियन बायको राहायची. सगळे तिला गार्डीणबाई म्हणत. नवरा गाडी घेऊन मनमाडकडे गेला की तिच्याशी इंग्रजी बोलायला गावात कोणी नसे. माझा पत्ता लागताच ती घरीच आली, आणि चहा पिता पिता तिने कॅट काढून हा बावन्न आठवड्यांचा हिशेब मला सांगितला. तुमचा जन्म ज्या आठवड्यातला, ते तुमचं पान. जानेवारी ते मार्च बदाम, मग चौकट, जुलैपासून किलवर, ऑक्टोबरपासून इस्पिक. प्रत्येक रंगात पहिल्या आठवड्याला एक्का आणि तेराव्याला राजा.

गार्डीणबाई त्यावरून भविष्य सांगे. सावळा पुरुष भेटेल, पाण्यावरून प्रवास घडेल. जालन्यात पाण्यावरून प्रवास म्हणजे कुंडलिकेचा ओढा ओलांडणं, तोही पावसाळ्यात. मला तिचं भविष्य पटलं नाही, पण तो हिशेब मात्र मनात घुसला. मी त्याला आपल्याकडची बैठक दिली. पुढे काय होणार हे मी कधीच सांगितलं नाही. माणूस मागच्या जन्मीचं काय घेऊन आलाय आणि या खेपेला काय शिकायचं राहिलंय, एवढंच मी पानावरून सांगे. बदाम म्हणजे माणसं आणि माया. चौकट म्हणजे व्यवहार. किलवर म्हणजे विद्या. इस्पिक म्हणजे कष्ट. आकडा लहान असेल तर तो धडा नुकता सुरू झालाय, मोठा असेल तर संपत आलाय. राजा, राणी, गुलाम यांचा अर्थ वेगळा. मी बावन्न पानांसाठी इंग्रजीत एक वही लिहिली. समास आखून, लाल शाईने मथळे देऊन. तेव्हा मी बावीस वर्षांची होते.

कारखान्याचा भोंगा दुपारी दोनदा व्हायचा. त्या दोन भोंग्यांच्या मधल्या वेळात मी ओसरीवर बसे. पैसे घेत नव्हते. कोणी नारळ ठेवी, कोणी मूठभर तीळ. आधी शेजारच्या बायका आल्या, मग बाजारच्या दिवशी खेड्यांतल्या येऊ लागल्या.

या धंद्यातली खरी अडचण पत्ते नाहीत, जन्मतारीख आहे. बायकांना तारीख ठाऊक नसे. "हुरडा चालू होता", "मोठ्या तापाच्या साथीत", "बैल हरवला त्याच्या दुसऱ्या दिवशी", असं त्या सांगत. मी उलट प्रश्न विचारून आठवडा काढी. बदनापूरजवळच्या वाडीची गिरजाबाई नावाची धनगर बाई आली होती. तिचा नवरा गेला होता आणि दिराने मेंढरं आपल्या कळपात घातली होती. मी जन्म विचारला.

"दिवाळी झाल्ती. मेंढरं बाहेर चराया निघाल्ती. माय वाटंतच बाळंत झाली."

"कळप लगेच निघाला की आठ दिवसांनी?"

"तुम्ही पान काढून राह्यल्या का पंचनामा करून राह्यल्या, बाई?"

इस्पिकची पंजी निघाली. वहीत इस्पिकच्या सगळ्या पानांखाली मी एकाच वळणाचा मजकूर लिहिला होता: कष्ट मागचे आहेत, मुकाट्याने सोसावेत, म्हणजे फिटतात. मी तिला तेच वाचून दाखवलं. तिने पदर सावरला, तीळ ठेवले आणि काही न बोलता गेली. तिचं ते न बोलणं मी समजूत पटली असं धरलं.

कचेरीतल्या माणसांच्या घरी मात्र तारीख लिहिलेली असे, पण ती सरकारी महिन्यांत. निजामाच्या सरकारात आजूर, दै, बहमन असे महिने चालत. नगरच्या मुलीला हे काय कळणार? पण मी आजोबांच्या कारखान्यात ही नावं पाहिली होती. तिथल्या पारशी इंजिनियरसाहेबांच्या खोलीत एक कॅलेंडर टांगलेलं असे, त्यावर हेच महिने होते आणि शेजारी इंग्रजी तारखा. मी आजोबांकडून ते चार दिवस मागून घेतलं, ओळी आखून एक तक्ता केला आणि वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला. आजूर म्हणजे मे, दै म्हणजे जून, बहमन म्हणजे जुलै. तक्ता इतका सुरेख झाला होता की तो चुकीचा असेल अशी शंका घेणं मला अपमानाचं वाटलं असतं. आणि विचारणार तरी कोण? येणाऱ्याला इंग्रजी महिने कळत नव्हते, मला सरकारी कळत नव्हते. माझ्या ओसरीवर ते दोन महिने कधी समोरासमोर आलेच नाहीत.

त्या तक्त्यावरून तहसिलीतल्या एका चपराशाला चौकटचा राजा निघाला. दुसऱ्या दिवसापासून तो तहसीलदाराच्या दारात असा उभा राहू लागला की नवीन माणूस त्यालाच आधी सलाम करी.

आता वेणू.

तहसिलीतले अहलकार, म्हणजे कारकून, रंगनाथराव आमच्या मागच्या गल्लीत राहत. वेणू त्यांची मुलगी, सतरा वर्षांची. चौथीतून काढून तिचं आष्टीला लग्न करून दिलं होतं. तीन वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली आणि हिला माहेरी पाठवलं. घरी आल्यापासून ती बोलत नव्हती. भांडी घासायची, पाणी भरायची, भिंतीकडे तोंड करून जेवायची. तिची आई वारली होती. एक दिवस रंगनाथरावच तिला घेऊन आले. हातात कागद होता, त्यावर उर्दूत त्यांच्या अक्षरात तारीख, ती त्यांनीच वाचून दाखवली: बहमनची सात.

"वहिनी, डॉक्टर झाला, मांत्रिक झाला," ते म्हणाले. "आता तुमचं पान बघा. ही कशासाठी आली जन्माला, ते तरी कळू दे."

मी तक्ता पाहिला. बहमन, जुलै, दुसरा आठवडा. किलवरची दुर्री. मी ती तिच्या पुढ्यात ठेवली.

"विद्येचं पान आहे, आणि अगदी खालचं. म्हणजे मागच्या जन्मी अभ्यास सुरू करून सोडलास. या जन्मी तो पहिल्यापासून करायचाय. पाटी घेऊन ये उद्या."

वेणूने प्रथमच मान वर केली. "काकू, याच्याहून खालचं पान न्हाई का कोणतं?"

"एक्का खाली धरला तर आहे. पण एक्का कोणी खाली धरत नाही."

"मंग मीच तळाला."

"तळाला. म्हणून तर तुला वर जायला सगळ्यांत जास्त जागा."

ती हसली नाही, पण पाटी घेऊन आली. पुढचे सहा महिने मी जे पाहिलं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. चौथीतलं मराठी तिला आठ दिवसांत परत आलं. मग मी इंग्रजी मुळाक्षरं काढली. तिने दुधाच्या डब्यावरची, काडेपेटीवरची, गाठींवर काळ्या रंगाने छापलेली अक्षरं वाचायला सुरुवात केली. गाठी भरलेली मालगाडी रुळावरून जाताना ती कुंपणाशी उभी राहून मोठ्याने वाचायची. भिंतीकडे तोंड करणं कधी सुटलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

जालन्यात मिशनचा दवाखाना होता. तिथल्या मुख्य मडमेला नर्सिंग शिकायला मुली हव्या होत्या. तिची अट एकच: औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचता आलं पाहिजे. मी वेणूचं नाव सुचवलं. रंगनाथरावांनी पंधरा दिवस विचार केला. मुलगी मिशनमध्ये, सगळ्या जातींच्या आजाऱ्यांत, आणि तीही लग्न झालेली. शेवटी म्हणाले, "तिचं पानच विद्येचं असेल तर मी आडवा येणार न्हाई."

तेवढ्यात आष्टीहून निरोप आला. दुसरी बायको बाळंत होणार होती, घरात राबायला माणूस नव्हतं. गुरुवारी गाडी जुंपून वेणूला न्यायला येतो. निरोपात तिला पाठवा असं नव्हतं. तयार ठेवा असं होतं.

मंगळवारी दुपारी रंगनाथराव दवाखान्याचा इंग्रजी फॉर्म घेऊन आमच्या ओसरीवर आले. सोबत वेणू. गुरुवारच्या आत तिचं नाव दवाखान्यात लागलं तर आष्टीकरांना सांगायला काहीतरी हातात राहणार होतं. थंडी कडाक्याची होती. रंगनाथरावांनी कानाला मफलर गुंडाळला होता. मी फॉर्म भरायला घेतला. नाव, वडिलांचं नाव, धर्म. मग जन्मतारीख.

"जुलै," मी लिहिता लिहिता म्हटलं.

"कोणाची?"

"वेणूची. बहमनची सात."

"जुलै कसा असंल, वहिनी?" ते अगदी सहज म्हणाले. "बहमन थंडीत येतो. आज बी बहमनच चालू हाय. कचेरीत सकाळपासून लिहून राह्यलोय. इंग्रजी डिसेंबर."

माझ्या हातातला टाक तिथेच थांबला. मी वहीचा पुठ्ठा उघडून त्यांना तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला.

"हे पारशांचे महिने. नावं तीच, वेळ निराळी. आपल्या सरकारी महिन्यांशी ह्यांचा बिलकुल मेळ न्हाई. कचेरीत नवा माणूस आला की पहिल्या दिवशी हेच सांगतो आम्ही."

मला डिसेंबर लिहून गप्प बसता आलं असतं. रंगनाथरावांना इंग्रजी येत नव्हतं, वही इंग्रजीत होती, आणि पान चुकलं असं अजून कोणी म्हटलं नव्हतं. पण मी ओळी आखून लिहिणारी बाई. चूक दिसली की ती खोडल्याशिवाय पुढची ओळ लिहिता येत नाही.

"रावसाहेब, मग वेणूचं पान किलवरची दुर्री नाही."

"मंग कोणतं?"

मी बोटांवर आठवडे मोजले. दोनदा मोजले. "इस्पिकचा गुलाम."

"काय म्हणतो तो?"

मी वही उघडली आणि माझंच लाल शाईचं इंग्रजी मराठीत वाचलं: "मागच्या जन्मी दुसऱ्यांकडून सेवा घेतली, ती या जन्मी फेडायची. उलट बोलू नये. नेमलेल्या घरी राहावं. सोसावं."

रंगनाथरावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. फॉर्मची घडी घातली.

"आष्टीकर गुरुवारी येणारेत," ते म्हणाले.

दुसरा भोंगा झाला, पण मी उठले नाही. मी म्हटलं, "थांबा. पान तिचं आहे, ते मी बदलू शकत नाही. पण हा मजकूर पानाचा नाही, माझा आहे. मी नगरहून येऊन खिडकीत बसून लिहिला. तेव्हा मी आयुष्यात काय सोसलं होतं? चहात साखर कमी. बावीस वर्षांच्या मुलीने अख्ख्या रंगाखाली 'सोसा' लिहिलं, आणि मी ते बायकांना वाचून दाखवत आले."

"मंग दुर्रीचं बी तुम्हीच लिहिलं."

"हो. तेही मीच लिहिलं."

"म्हंजी कशालाच अर्थ न्हाई."

तेव्हा वेणू पुढे झाली. तिने कॅटातून दुर्री काढली, गुलाम काढला, आणि दोन्ही ओसरीच्या फरशीवर शेजारी शेजारी ठेवले.

"अण्णा, गुलामाच्या वर पानं किती?"

"राणी, राजा, एक्का. तीन."

"आन् दुर्रीच्या वर?"

रंगनाथराव बोटांवर मोजू लागले.

"सहा महिन्यांमागं मी तळाला होते. आता वर तीनच राह्यली. मंग काकूंचं चुकलं कुठं? मी तेवढी चढलेच की." तिने गुलाम उलटा करून ठेवला. "आन् सेवाच फेडायची असंल तर दवाखान्यात काय नाच करतेत? बराबर सेवाच करतेत. आष्टीला एकाच घराची फिटंल. हितं अख्ख्या गावाची."

रंगनाथरावांच्या तोंडावरचं मी वाचू शकले नाही. त्यांनी घडी उलगडली, फॉर्म गुडघ्यावर सपाट केला आणि म्हणाले, "वहिनी, डिसेंबर लिहा." मी लिहिलं. सहीच्या जागी त्यांनी उर्दूत, उजवीकडून डावीकडे, सही केली आणि मफलर घट्ट करून कचेरीत गेले.

बुधवारी सकाळी मी आणि वेणू दवाखान्यात. मडमेने कपाटातून बाटली काढून तिच्यापुढे धरली. वेणूने आधी मोठी अक्षरं वाचली, टिंक्चर आयोडीन. मग कोपऱ्यातली बारीक लाल अक्षरं कोणी न सांगता वाचली, पॉयझन, आणि बाटली दोन्ही हातांत धरून अगदी हळू खाली ठेवली. मडम माझ्याकडे वळून म्हणाली, वाचणाऱ्या मुली पुष्कळ येतात, अशी खाली ठेवणारी पहिलीच. गुरुवारी आष्टीची गाडी आली ती रिकामी परत गेली. रंगनाथरावांनी व्याह्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "मुलगी नोकरीवर गेली." हे वाक्य त्यांनी पुढे आयुष्यभर, विचारलं नाही तरी, सगळ्यांना सांगितलं.

निघताना वेणूने दुर्री मागितली. मी म्हटलं, गुलाम ने, तो तुझा आहे. ती म्हणाली, "तो राहू द्या, काकू. मी जिथून निघाले ते पान मला पाहिजे."

मग मी निस्तरायला बसले. सरकारी तारखांवरून काढलेली सगळी पानं नव्याने काढली आणि घरोघर जाऊन चूक सांगितली. बहुतेकांनी चहा दिला. चपराशाला सांगितलं की त्याचा दै महिना जूनचा नव्हे, नोव्हेंबरचा, आणि तो चौकटचा राजा नसून इस्पिकची नव्वी आहे. तो शांतपणे म्हणाला, "बाईसाब, एकदा दिलेलं तख्त परत घेतात का?" तो राजाच राहिला.

इस्पिकचा सगळा मजकूर मी खोडला. पण गिरजाबाईचं पान तर बरोबर होतं, चूक होती ती माझ्या शब्दांची. तिच्याकडे जायला मला सर्वांत जास्त भीती वाटत होती. गाडीने बदनापूरला उतरले, वाडीपर्यंत चालत गेले. ती मेंढरांच्या वाड्याबाहेर लोकर कातरत बसली होती. मी चुकले म्हणून सांगितलं. सोसा म्हटलं ते चुकलं.

तिने कातर थांबवली नाही. "म्या कुठं सोसलं, बाई? तुमच्या वसरीवरून उठले ती सरळ दिराकडं गेले. म्हनलं, शिकलेली बाई बी सोस म्हन्ते, म्हंजी आपल्यालाच बघावं लागन. त्याच दिशी मेंढरं अलग केली." मग तिने मेंढीचं तोंड माझ्याकडे वळवलं. "ही तवाची कोकरी. बघा कशी झाली."

परतीच्या गाडीत मी एकटीच हसत होते. समोरच्या बाईने जागा बदलली.

राज्य गेलं, आजूर-दै-बहमनही गेले. मी पुढे पुष्कळ वर्षं ओसरीवर बसले, पण वहीतून वाचायचं सोडलं. पान पुढ्यात ठेवायचं आणि विचारायचं, "तुम्हाला यात काय दिसतं?" धंदा त्याने कमी झाला नाही. वाढला. वेणू त्याच दवाखान्यात मुख्य नर्स होऊन निवृत्त झाली. तुमची आई तिच्याच हातांवर जन्मली, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

मीरा, तू कॅट मागितला होतास. दिवाळीच्या फराळाच्या डब्यात, चकल्यांच्या खाली, मेणकापडात गुंडाळून पाठवते आहे. मिळाला की मोजून घ्या. एक्कावन्न पानं आणि एक जोकर आहे. टपालात काही हरवलेलं नाही, आणि दुकानातून आणून ती जागा भरू नका. निखिल, तुझा जन्म एकतीस डिसेंबरचा हे मी विसरलेले नाही. जोकर तुझा.